दोन कानांची पैज

माणसं शर्यतीच्या बैलांवर पैजा लावतात, ग्रामपंचायतीच्या निकालावर लावतात, कुणाच्या पोरीला कुठलं स्थळ येणार यावरही लावतात. शलमोन उजागरे मास्तर आणि त्यांचा शेजारी पुंजाराम या दोघांनी पैज लावली ती कानांवर. मास्तरांच्याच ओट्यावर, दूध घालून घरी निघालेल्या चार माणसांच्या साक्षीनं. हरणाऱ्यानं दूध केंद्राच्या पायरीवर उभं राहून रेड्यासारखं रेकायचं. एकदा डावीकडं तोंड करून, एकदा उजवीकडं. आणि तेही रविवारी संध्याकाळी, दुधाची ऐन गर्दी असताना.

आता हे खूळ निघालं कुठून, तर चर्चमधून.

मास्तर म्हणजे निवृत्त शिक्षक, आणि केस काळे होते तेव्हापासून गावच्या चर्चच्या कॉयरचे म्होरके. गाणं गोड, माणूस आंबट. लोकांचा राग नाकावर असतो, मास्तरांच्या रागाला नाक पुरायचं नाही. येत्या रविवारी हंगामाची उपकारस्तुती होती, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानायची उपासना. त्या दिवशी कॉयर चार आवाजांत गीत म्हणते, अशी गावची रीत. त्यातला सगळ्यात खालचा, जाडजूड आवाज म्हणजे बेस, तो एडविनचा. एडविन नोकरीपायी पुण्याला गेला आणि बेसही त्याच्याबरोबर बसमध्ये चढून गेला. पाळकसाहेब म्हणाले, चौथा आवाज नसेल तर यंदा चर्चचे माईक-स्पीकर सांभाळणाऱ्या अँड्र्यूकडं पेनड्राइव्हवर तयार ट्रॅक आहे, तो लावू, त्यावर म्हणा. पेनड्राइव्ह गाणार आणि आम्ही नुसती तोंडं हलवणार, मास्तर म्हणाले, त्यापेक्षा मी घरी बसून वांगी भाजतो. असं म्हणून ते घरी बसले नाहीत. बेस मीच म्हणणार, असं भर मीटिंगमध्ये जाहीर करून आले. जन्मभर वरच्या पट्टीत गायलेला माणूस, आता या वयात विहिरीच्या तळाला उतरायला निघाला.

एडविननं पुण्याहून रेकॉर्डिंग पाठवलं होतं. डाव्या कानात त्याचा एकट्याचा बेस, उजव्या कानात बाकीचे तिन्ही आवाज. म्हणजे एका कानानं आपली वाट धरायची आणि दुसऱ्या कानानं सगळ्यांबरोबर आहोत ना ते बघायचं. त्यासाठी मास्तरांनी संगमनेरहून बिनवायरचा, ब्लूटूथचा हेडसेट आणला. कानांवर दोन वाट्या, तोंडाशी बोलायला माईक. कॉम्प्युटर घरात होताच. तो इतका जुना होता, की चालू करून चहा ठेवला तर चहा पिऊन कप धुऊन व्हायचा तरी पडदा उजाडायचा नाही. म्हणून पुण्याला असलेल्या त्यांच्या मुलीनं, प्रार्थनानं, त्यातलं जुनं सगळं काढून लिनक्स नावाची हलकी, फुकटातली प्रणाली टाकून दिली होती. तेव्हापासून बरा चालायचा. शिवाय त्यात गाणं हळू करून ऐकायची सोय होती, आणि ती पाहिजेच होती, कारण एडविन गातो ते बस सुटल्यासारखं.

तर त्या सोमवारी संध्याकाळी मास्तरांनी कौतुकानं हेडसेट कॉम्प्युटरला जोडला आणि ओट्यावरच्या मंडळींना ऐकवायला घेतलं. आधी आसारामच्या कानाला लावला. आसाराम म्हणजे केंद्रावर दूध मापणारा, त्याच्या शब्दाला गावात वजन. तो म्हणाला, गोड हाय. वेगवेगळं येतंय का, मास्तरांनी विचारलं. न्हाई, आसाराम म्हणाला, समदं एकातच येतंय, आन जरा पत्र्याच्या डब्यातून आल्यागत. मास्तरांनी ओढून स्वतः घातला. खरंच की. दोन्ही कानांत तीच खिचडी, आणि तीही करपलेली.

मग पुंजारामनं हेडसेट घेतला. हा मास्तरांच्या भिंतीला भिंत लावून राहणारा म्हशीवाला. यानं एकदा मास्तरांच्या कोंबड्यावर दुपारपर्यंत पाटी झाकून ठेवली होती आणि ऐन दुपारी उचलून सगळ्या आळीला पहाट करून दिली होती. तर हा डोळे मिटून ऐकत बसला. मधेच त्याच्या भुवया वर गेल्या. त्यानं मास्तरांच्या घराच्या दाराकडं पाहिलं, परत डोळे मिटले, आणि मिशीखाली थोडंसं हसू आलं. अंडं उतरवून ठेवावं तसा हळूच त्यानं हेडसेट काढला.

"मास्तर," तो म्हणाला, "ह्या यंत्रातनं तुमच्या दोन कानांत दोन आवाज येनार न्हाईत. लावा पैज."

मास्तरांनी रागाच्या भरात लावली. शुक्रवारी संध्याकाळचं दूध होईपर्यंत मुदत. पंच आसाराम.

तिथनं पुढं मास्तरांच्या घरात जे सुरू झालं त्याला सराव म्हणत नाहीत, कुस्ती म्हणतात. प्रार्थनाला फोन लावला. ती म्हणाली, पप्पा, आवाजाच्या सेटिंगमध्ये जा, हेडसेटच्या नावाखाली दोन पर्याय दिसतील. एक दोन्ही कानांना भरून आवाज देणारा, स्टिरिओ. दुसरा माईकवाला, त्यात बोलता येतं पण आवाज पातळ आणि दोन्हीकडं एकच. पहिला निवडा. मास्तरांनी निवडला. आणि काय सांगावं, डोळ्याची पापणी लवायला लागते तेवढा वेळ एडविन त्यांच्या डाव्या खांद्याशी येऊन उभा राहिला. जाड, गोल, स्वच्छ बेस. मग कानात 'टुक' झालं आणि परत डबा. परत निवडला, परत टुक. अजिबात मिळालंच नसतं तर मास्तर एवढे चिडले नसते. पण ताटात वाढून तोंडाशी आलेला घास कोणी काढून घ्यावा, तसं ते दर खेपेला व्हायचं.

प्रार्थना म्हणाली, कुणीतरी माईक धरून बसलंय. तो धरला की हेडसेट आपोआप दुसऱ्या पर्यायावर जातो, कारण ब्लूटूथच्या वाटेत एवढी जागाच नाही की दोन्ही कान भरतील आणि तोंडही चालेल. घरात कुठला व्हिडिओ कॉल चालू आहे का? मास्तरांनी स्वयंपाकघराकडं तोंड करून ओरडून विचारलं, कॉल चालू आहे का कुठला. त्यांची बायको दीना कणीक मळत होती. ती म्हणाली, नाही, कोणी बोलत नाहीये. मास्तरांनी फोनमध्ये तसंच सांगितलं, आणि वर मुलीला सुनावलं, की तुझं लिनक्सच दरिद्री.

बुधवारी तर कहर झाला. दुसऱ्या कडव्यात, 'धान्याची कोठारे' म्हणताना, मधेच ट्रकचा हॉर्न वाजला. मास्तरांचं गाव रस्त्यापासून इतकं आत, की हॉर्न ऐकू यायचा तर वारा पाहिजे आणि नशीबही. मास्तरांनी थेट एडविनला फोन लावून झापलं, की देवाचं गीत रस्त्यावर बसून रेकॉर्ड करतोस, लाज वाटत नाही. एडविन शपथेवर सांगत होता, सर, बंद खोलीत, डोक्यावर गोधडी घेऊन गायलोय. मग गोधडीतून ट्रक गेला काय, मास्तर म्हणाले. परत लावून बघतात, तर हॉर्न तिसऱ्या कडव्यात, आणि त्याच्या मागं शेळी. मास्तर गाण्यातले माणूस. रेकॉर्डिंगमधला हॉर्न जागा बदलत नसतो, हे त्यांना कळत होतं. म्हणजे हेडसेटच बाधलेला. गुरुवारी बस पकडून संगमनेर गाठलं आणि दुकानात आवाज चढवला. दुकानदारानं हेडसेट आपल्या मोबाईलला जोडला, मास्तरांच्या कानाला लावला. डावीकडं तबला, उजवीकडं बासरी, मधे बोट घालता येईल एवढं अंतर. हेडसेट एकदम चांगला आहे सर, तो म्हणाला, आणि असं बघितलं, जणू सरच बिघडलेत. परतीच्या बसमध्ये मास्तरांच्या शेजारी कोणी बसलं नाही.

आणि रोज सकाळी भिंतीपलीकडून पुंजाराम विचारायचा, मास्तर, दुसरा कान आला का, का अजून रस्त्यातच हाय? वरून म्हशीच्या पाठीवर हात फिरवत तिला मोठ्यानं सांगायचा, नीट ऐकून ठेव बाई, रविवारी मास्तर तुज्याच जातीत येनार हायेत. मास्तर भिंतीवर काठी आपटायचे. भिंत बिचारी दोघांच्या मालकीची, तिला काय बोलता येतं.

शुक्रवार उजाडला आणि मावळला. दूध मापून आसाराम हात पुसत आला, मागं पुंजाराम आणि पैजेचे साक्षीदार, आणि सगळे आत कॉम्प्युटरपुढं बसले. मास्तरांनी पर्याय निवडला, हेडसेट आसारामच्या डोक्यावर चढवला. आसाराम म्हणाला, आलं, डावीकडं आलं, मग म्हणाला, गेलं. थोड्या वेळानं म्हणाला, मास्तर, आत्ता यातनं एक ट्रक गेला. त्यानं हेडसेट काढून मांडीवर ठेवला आणि जड आवाजात निकाल दिला. पैज गेली. पुंजाराम हसला नाही. उलट फार वाईट वाटल्यासारखा चेहरा करून म्हणाला, मास्तर, रविवारपर्यंत मिठाच्या पान्यानं गुळण्या करा, घसा मोकळा राहील.

मास्तरांचं रक्त डोक्यात गेलं. हेडसेट हिसकावला, बटण दाबून बंद केला, गादीवर फेकला. कॉम्प्युटर धड आहे, खोट या टोपड्यात आहे, हे सगळ्यांना दाखवायचं म्हणून मॉनिटरच्या पोटातल्या स्पीकरचा आवाज शेवटपर्यंत वाढवला. आणि स्पीकरमधून खोली दणाणेल असा हॉर्न वाजला. मागोमाग कोणीतरी म्हातारं माणूस खाकरलं.

"पाव्हणं," कॉम्प्युटर म्हणाला, "झालं का? आता जरा मोकळं ऐकू येतंय."

आसारामनं पाय वर घेतले. दीना कणकेच्या हातांनी बाहेर आली आणि शांतपणे म्हणाली, अक्का आहे.

अक्का म्हणजे बनुबाई, दीनाची थोरली बहीण. राहायला मिरजगावला, हायवेला लागून खोली. उन्हाळ्यात पडली, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून खाटेवर. मुलगा दिवसभर दुकानात. खोलीत ती, एक शेळी आणि रस्त्यावरचे ट्रक. म्हणून दीना सकाळी तिला फोन लावायची. थोडं बोलून झालं की दोघी आपापल्या कामाला लागायच्या, पण फोन कोणी ठेवायचं नाही. बनुबाई पडल्या पडल्या बहिणीच्या घरातला कुकर ऐकायची, मिक्सर ऐकायची, संध्याकाळची प्रार्थना ऐकायची. दोन घरांमधलं दार नुसतं लोटून ठेवावं तसं. फोन तव्यासारखा तापायला लागला, तेव्हा दीना कॉम्प्युटरवरून लावायला लागली. पडद्यावर त्यासाठी छोटा कॅमेरा होता, त्याच्यात माईक होता. नवा हेडसेट चालू झाला की कॉल आपणहून कॅमेऱ्याचा माईक सोडून हेडसेटच्या माईकला जाऊन चिकटायचा, हे दीनाला काय माहीत. तिला माहीत एवढंच, की मास्तर गायला बसले की स्पीकर बारीक करायचा, कॉलचं चित्र पडद्याखाली सारायचं आणि अक्काला सांगायचं, गप राहा.

मास्तर बायकोवर गरजले, तू म्हणालीस कॉल चालू नाही. दीना म्हणाली, कोणी बोलत नव्हतं. मी खोटं काय बोलले? खरं तर लोटलेल्या दाराला कोणी कॉल म्हणेल असं मास्तरांनाही वाटलं नसतं.

बनुबाई मात्र मोकळी सुटली होती. तुमी त्या यंत्राच्या आज्ज्यापरेंत पोचला हुता पाव्हणं, ती म्हणाली, मी ऐकलंय समदं, पाळकाला सांगत न्हाई, भिऊ नका. मग म्हणाली, "आन पुंजारामा, हायेस ना तिथं? त्या दिशी यंत्र कानाला लावून बसला हुतास. मी दोनदा इचारलं कोन हाय, तर बोलला न्हाईस. तुजं नाक वाजतंय त्यावरनं वळखलं मी."

सगळी खोली पुंजारामकडं वळली. मास्तरांचा राग मोठा व्हायचा तेव्हा दारं खडखडायची. आता तो एकदम लहान झाला, सुईएवढा.

"तुला माहीत होतं."

"मास्तर, मला तुमच्या लिनक्समधलं काय बी कळत न्हाई," पुंजाराम म्हणाला. "पर वरच्या घरानं नळाला मोटर लावली की खालच्या घरात पानी येत न्हाई, एवढं कळतं. यंत्रात आदीच अक्का बसलेली, तिथं तुमाला दोन-दोन आवाज कुटनं मिळायचे? आन मी म्हशी राखतो मास्तर, उगाच पैज लावीन का?"

ही फसवणूक आहे, मास्तर म्हणाले. पाच दिवस मी आगीत जळतोय आणि हा भिंतीवरून हात शेकतोय. आसारामनं बराच वेळ मान खाजवली. मग म्हणाला, पैजेत तुमी ऐकवायचं हुतं, त्यानं सांगायचं न्हवतं. शुक्रवार तर संपला. मास्तरांनी दार दाखवलं, सगळे गेले. पुंजाराम उंबऱ्यावरून वळून म्हणाला, गुळण्या, मास्तर, विसरू नका.

पैज गेली ती गेली. पण रविवार अजून बाकी होता, आणि अँड्र्यूच्या खिशात पेनड्राइव्ह. हातात फक्त शनिवार. मास्तरांनी कॉल बंद करायला माऊस धरला. दीना आडवी आली नाही, एवढंच म्हणाली, अक्काला विचारून करा. करा की, स्पीकरमधून आवाज आला, मला काय हुतंय, पडून राहीन भिंतीकडं बघत. मास्तरांचं बोट बटणावर तसंच राहिलं. म्हातारीवर ओरडता येईना, बटण दाबवेना. शेवटी प्रार्थनाला फोन लावून सगळा जाळ तिच्यावर ओतला.

ती आधी पोटभर हसली. मग म्हणाली, पप्पा, मावशीला कशाला बंद करताय, कॉलच्या सेटिंगमध्ये माईक म्हणून कॅमेऱ्याचा निवडून द्या. तोंड कॅमेऱ्याला, कान हेडसेटला. आणि मग आवाजात जाऊन तो पहिला पर्याय निवडा.

मास्तरांनी केलं. हेडसेट घातला आणि दात आवळून टुकची वाट बघत बसले. टुक आलंच नाही. डाव्या कानात एडविन उभा राहिला आणि उभाच राहिला, उजव्या कानात तिघं जण आपापल्या जागी. पहिलं कडवं संपेपर्यंत मास्तर रागवायचं विसरले. दुसऱ्या कडव्यात त्यांच्या ध्यानात आलं, की त्या खिचडीतून बेस म्हणून पाच दिवस जो सूर त्यांनी घोटला, तो बेसचा नव्हताच. दुसऱ्याचं पोर आपलं म्हणून खेळवत बसावं तसं झालं होतं. मग मात्र जो राग आला, तो कामाचा होता. शनिवारी सकाळपासून ते बसले. बनुबाईनं मुलाकडून मिरजगावची खिडकी लावून घेतली, शेळी बाहेर बांधवली, आणि पाव्हणं परत घसरले की तिकडून ऐकू यायचं, चढा वर, चढा. त्यांना वर चढायचं नव्हतंच, खाली उतरायचं होतं. पण रागानं का होईना, उतरले.

रविवारी चर्च भरलं होतं. वेदीपुढं भोपळे, कांद्याच्या माळा, बाजरीची कणसं, उसाच्या मोळ्या. उपासना झाल्यावर त्यांचा लिलाव होतो, म्हणून पुंजारामही दरवर्षीसारखा येऊन मागं उभा होता. कॉयर उठली. पहिले तीन आवाज निघाले, आणि त्यांच्याखाली मास्तरांचा बेस, जोत्याच्या दगडासारखा. दुसऱ्या कडव्यात तो जिथं उतरायचा तिथं उतरला आणि कुठं डगमगला नाही. अँड्र्यूनं खिशातला हात बाहेर काढून टाळ्या वाजवल्या. पाळकसाहेब ट्रॅकबद्दल एक शब्द बोलले नाहीत. मास्तर जागेवर बसले ते पुंजारामकडं बघत बसले, आणि त्या बघण्यात उपकारस्तुतीचा लवलेश नव्हता.

संध्याकाळी दूध केंद्रावर पाय ठेवायला जागा नव्हती. पुंजारामनं निरोप घरोघर पोचवले होते. ज्यांच्याकडं दुभतं नाही तेही रिकाम्या किटल्या घेऊन आले होते. दीना मोबाईल उंच धरून उभी होती, त्यात मिरजगाव. मास्तर चर्चचाच इस्त्रीचा शर्ट घालून आले. कोणाकडं न बघता पायरी चढले आणि डावीकडं, पुंजारामच्या गोठ्याच्या दिशेनं वळले.

लोकांना वाटलं होतं, मास्तर लाजतील, काहीतरी चिरकतील, हशा होईल, संपेल. मास्तरांनी श्वास घेतला तो बेंबीपासून, एडविनचा बेस जिथून निघतो तिथून. त्या श्वासात तो डबा होता, टुक होतं, दुकानदाराची नजर होती, गोधडीतला ट्रक होता आणि भिंतीपलीकडचं वाजणारं नाक होतं. आणि ते रेकले. ते रेकणं जमिनीतून आलं. किटल्यांची झाकणं थरथरली. टेम्पोवाल्यानं चालू इंजिन बंद केलं. कुणालाही हसू आलं नाही, कारण पायरीवर माणूस उभा आहे हे डोळ्यांना दिसत होतं पण कानांना पटत नव्हतं.

एवढ्यात गोठ्यातून उत्तर आलं.

पुंजारामची म्हैस सकाळपासून माजावर होती. तिनं एक हिसडा दिला, खुंटी उपटली आणि दावं, खुंटी सगळं फरफटवत थेट केंद्राच्या आवारात घुसली. माणसं दोन्ही बाजूंना फाकली, किटल्या लवंडल्या, त्यात पहिली पुंजारामची. म्हैस पायरीपाशी येऊन थांबली आणि मान वर करून मास्तरांकडं बघत राहिली, जिव्हाळ्यानं. पुंजारामनं दावं धरून ओढलं, ती हलेना. मागून ढकललं, ती हलेना. मग जो हशा उठला तो गावच्या वेशीपर्यंत गेला, आणि मोबाईलमधून बनुबाई ओरडत होती, काय झालं, अगं काय झालं, मला कुनी सांगंल का.

आसारामनं डोळे पुसत पुसत सांगितलं, मास्तर, पुरे, फिटली पैज, उतरा खाली.

"पैज दोन कानांची होती," मास्तर म्हणाले. "उजवा राहिलाय."

पुंजाराम दाव्याला लोंबकळत होता, धोतर दुधात भिजलेलं. "मास्तर, पाया पडतो तुमच्या," तो म्हणाला, "मी सोडली पैज. तिकडं सदूचा रेडा बांधलाय, आता थांबा."

मास्तरांनी शर्टाची कॉलर नीट केली, सावकाश उजवीकडं तोंड केलं आणि पोटभर श्वास घेतला.